खेड्यातल्या काटकसरी, स्वयंपूर्ण घराचा हिवाळा कसा असतो?

तुम्ही विचारलंय : "खेड्यात काटकसरीनं, शक्यतो घरचंच वापरून राहणाऱ्या कुटुंबाचा हिवाळा कसा जातो? दिवसभर काय करता? आणि खरंच दुकानाशिवाय भागतं का?" खाली तुम्ही असंही लिहिलंय की नोकरी सोडून गावी जाऊन राहायचा विचार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर इंदूर-उज्जैन रस्त्यापासून आत, सांवेर तहसिलीत. माझं माहेर इंदुरातलं, राजवाड्याजवळचं. लग्न होऊन इथे आले. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि मुलं. काळी जमीन, एक विहीर, तीन म्हशी, एक गाय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही भागत. मीठ, चहा, साखर, साबण, औषधं, विजेचं बिल, रिचार्ज, मुलांची फी, पंपाची दुरुस्ती, यांना पैसा लागतोच. पण ताटात येतं त्यातलं बहुतेक आणि चुलीत जातं ते सगळं घरचं असतं. ते वर्षभर पुरणार की नाही, हे हिवाळ्यात ठरतं. साठवण म्हटलं की लोकांना उन्हाळ्यातले पापड-कुरडया आठवतात. माझ्या मते अशा घराचा खरा हंगाम कार्तिक ते माघ. दूध भरपूर, भाजी भरपूर, ऊन कोरडं, आणि गव्हाची पेरणी उरकल्यामुळे हाताला थोडी सवड.

दिवस आगीपासून सुरू होतो. डिसेंबरात इकडे सूर्य ७ च्या सुमारास उगवतो आणि ६ च्या आत मावळतो. पहाटे सगळ्यात आधी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो. तांब्याचा आहे, सासूबाईंच्या लग्नातला. त्यात तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, बांधावरची काटकी असं काहीही चालतं. गोवऱ्या मात्र बंबात घालायच्या नाहीत, त्या चुलीच्या. पाणी तापेपर्यंत बंबात निखारे झालेले असतात, ते सांडशीनं उचलून चुलीत टाकले की चूल वेगळी पेटवावी लागत नाही. पुढे भाकऱ्या, शेजारी वैलावर दूध किंवा डाळ. भाकऱ्या झाल्या की उरलेल्या धगीत वांगं, रताळं नाहीतर गराडू पुरायचा. गराडू हा माळव्यातला हिवाळी कंद. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, तळून, वर मसाला-लिंबू घालून मिळतो तोच. घरी आम्ही तो निखाऱ्यात भाजतो, तेलाचा थेंब लागत नाही, आणि मला तसाच जास्त आवडतो. परसात मांडवावर वेल चढवलेला आहे. कंद काढताना त्याचा वरचा टोकाचा तुकडा बियाण्यासाठी ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षीही विकत आणायचा प्रश्न नाही.

राख चाळून ठेवतो. जाडी भांड्यांना. बारीक लसणाच्या वाफ्यात जाते, आणि वालावर-मोहरीवर मावा ही कीड दिसली की तीच सकाळी दव असताना भुरभुरायची. ओल्या पानावर ती चिकटून बसते. दुपारी टाकलीत तर वाऱ्यानं उडून जाते.

धुराबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं, कारण चुलीचे फोटो बघून भुलणारे पुष्कळ असतात. बंद स्वयंपाकघरातली चूल बाईच्या डोळ्यांना आणि छातीला खाते. आम्ही चूल मागच्या पडवीत नेली, वर कौलं आणि एक बाजू पूर्ण उघडी. आणि थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी दार लावलेल्या खोलीत ठेवून झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपेत माणूस जातो. सासूबाईंची शेगडी ओसरीवर असते, झोपायच्या आधी बाहेर जाते.

चहा-पाण्याला गोबरगॅस आहे. २ घनमीटरचा, जमिनीत पुरलेला पक्क्या घुमटाचा 'दीनबंधू' पद्धतीचा. हा नमुना १९८४ साली निघाला. त्याला रोज साधारण ५० किलो ताजं शेण लागतं आणि तेवढंच पाणी. तीन म्हशी आणि गाय मिळून तेवढं कसंबसं होतं, म्हणजे एक जनावर विकलं की हिशेब कोलमडतो. थंडीत गॅस कमी होतो. शेण कुजवून गॅस करणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते. गार पडलं की ते सुस्तावतात. म्हणून हिवाळ्यात आम्ही शेण कालवायला गार पाणी घेत नाही. बंबातलं उरलेलं कोमट पाणी घेतो, घुमटावर सोयाबीनच्या भुसाचा जाड थर देतो, आणि कालवण सकाळी न घालता दुपारी, ऊन चढल्यावर घालतो. फरक पडतो. तरी पौषात एक वेळची चूल वाढतेच, हे धरून चालायचं.

गॅस देऊन बाहेर पडलेली मळी खताच्या खड्ड्यात जाते. आणि इथे मला आमच्या इंदूरचा अभिमान सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ते कंपोस्ट आमच्या इंदुरात, आत्ता जिथे कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात, १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलं. आकारमानानं तीन भाग काडीकचरा, एक भाग शेण, त्यात राख आणि गोठ्यातली मुतानं भिजलेली माती; ओल राखायची, हवा खेळती ठेवायची, मधून मधून चाळवायचं, तीन महिन्यांत खत तयार. नवीन काही आणायचं नाही. आपल्या शेतकऱ्यांकडे होतं तेच त्यांनी नीट मांडून, मोजून दाखवलं. आमच्याकडे आजही गोठ्यात जनावरांखाली भुसा पसरतात, तो भिजला की खड्ड्यात. थंडीत खड्डा वरून कोरडा दिसतो पण आत हात घातला तर चटका बसतो. हात घालून गार लागला, तर ओल किंवा शेण कमी पडलंय असं समजायचं.

आता हरभरा. हिवाळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच. पेरणीनंतर महिनाभरानं, फुलं यायच्या आधी, त्याचे शेंडे खुडतात. शेंडा गेला की झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, वाढतात, म्हणजे भाजी खाऊन पीक वाढतं. असं दुसरं पीक मला तरी माहीत नाही. खुडायची रीत आहे. अंगठा आणि तर्जनीच्या नखात दोन-तीन पानांचा शेंडा धरायचा आणि मोडायचा; वर ओढायचा नाही, ओढला तर कोवळं रोप मुळापासून हलतं. घटकाभरात बोटं आंबट होतात आणि नखांच्या कडा चुरचुरायला लागतात. दुपारी परत आलं की ओच्यातला ढीग निवडायला सासूबाई उन्हात बसलेल्याच असतात. ताजी भाजी त्या दिवशी लसणाची पात घालून. बाकीची वाळवून, हातानं चुरून बरणीत. वैशाखात भाजीची टंचाई झाली की ती डाळीच्या पिठात शिजवायची.

त्याच शेतातून आंब काढतात. पहाटे दव पडलेलं असताना धुतलेलं पांढरं सुती फडकं ओळींवरून हलकेच फिरवायचं. पानांवरचा आंबट अंश दवात उतरलेला असतो, तो फडक्यात येतो. फडकं चिंब झालं की चिनी मातीच्या भांड्यात पिळायचं. धातूचं भांडं नको, आंब ते खाते. हे पाणी गाळून, ऊन दाखवून बाटलीत भरतात. अपचन झालं, पोट गुबारलं की पाण्यात थेंबभर. फवारणी केलेल्या शेतात मात्र हे कधीही करू नका. आम्ही घरच्यापुरता एक पट्टा न फवारता राखतो, भाजी आणि आंब तिथलीच.

दुधाचं असं, की म्हशी बहुतेक पावसाळ्यात नाहीतर पावसाळा सरताना वितात, म्हणून हिवाळ्यात दूध सर्वांत जास्त. त्यातच बरसीम हा हिरवा चारा कापणीला आलेला असतो, एकदा कापलं की महिन्याभरात पुन्हा तयार. सकाळचं दूध डेअरीला जातं, संध्याकाळचं घरी. घरातला रोख पैसा हाच, विजेचं बिल आणि फी यातूनच भागते. म्हशीच्या दुधाचं एक किलो तूप व्हायला साधारण १५ लिटर दूध लागतं, त्यामुळे तूप करायचं की दूध विकायचं यावर दरवर्षी घरात चर्चा होते. मी तुपाच्या बाजूनं असते. विकलेल्या दुधाचे पैसे महिनाभरात कुठे जातात कळत नाही, तूप वर्षभर ताटात दिसतं. शिवाय लोणी काढून उरलेल्या ताकाची कढी होते, तूप कढवून उरलेली बेरी कणकेत मळली जाते, आणि फारच आंबट झालेल्या ताकानं बंब घासून लख्ख होतो. थंडीत दही नीट लागत नाही, तेव्हा दह्याचं भांडं घोंगडीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत पुरायचं. सकाळी दही सुरीनं कापावं असं.

तूर माघात निघते. तिला पाणी लावून, उन्हात खडखडीत वाळवून जात्यावर भरडतो. साल-चुरी म्हशीला, तुराट्या बंबाला. डाळ ठेवताना किलोला चमचाभर एरंडेल चोळलं की भुंगा लागत नाही. दुपारी गोधड्या शिवणं, लोणच्याचे आवळे, कोहळ्याचे सांडगे हे चालूच असतं, त्यावर वेगळं लिहीत नाही.

हिवाळ्याची भीती म्हणजे पाला. इकडे दव गोठून पिकावर पांढरं पडतं त्याला पाला म्हणतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि पारा ५-६ अंशांच्या खाली चालला की बटाटा, वाटाणा, हरभरा सगळ्यांचा जीव टांगणीला. मग रात्री हलकं पाणी द्यायचं, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते, आणि वाऱ्याच्या अंगाला बांधावर ओला कचरा जाळून धूर करायचा. शेतीच्या लाइनला वीज पाळीनं येते, पुष्कळदा रात्रीची. अशा रात्री हे आणि भावजी कानाला मफलर बांधून, गार पाण्यात पाय घालून पाटाचं पाणी वळवत असतात. स्वयंपूर्णतेचे हे तास कोणी मोजत नाही.

तसेच बायकांचेही. माझ्या मते या जगण्यात पैसा वाचतो तो जवळजवळ सगळा बायकांच्या हातांनी, आणि हे घरातल्या पुरुषांनी तोंडानं कबूल करायला हवं. आमच्याकडे जाऊबाईंनी आणि मी मिळून ठरवून घेतलंय : पाणी भरणं, जातं ओढणं, शेण कालवणं पुरुषांकडे. बैठकीत चार पाहुणे बसलेले असले तरी भावजी जात्यावर बसतात. सासूबाईंना पहिल्यांदा ते पटलं नव्हतं, आता त्याच त्यांना हाक मारतात.

खाण्यापिण्यात कमी पडतं असं समजू नका. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. धुंधुरमासात एखाद्या दिवशी उजाडायच्या आत मुगाची खिचडी आणि लोण्याचा गोळा. भोगीच्या भाजीत हरभरा, वाल, गाजर, वांगी, तीळ सगळं घरचं. फक्त भाकरीची बाजरी विकत, आमच्या जमिनीत आम्ही ज्वारी-मकाच घेतो. पाहुणे आले की बाफले, म्हणजे कणकेचे आधी उकडून मग भाजलेले गोळे, आणि ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरच.

तुम्ही येणार असाल तर पहिल्या वर्षी जनावर घेऊ नका. म्हैस घेतली की एका दिवसासाठीही घर सोडता येत नाही, आणि चारा विकत घेऊन दूध परवडत नाही. ऑक्टोबरात लसूण, मेथी, पालक, मुळा लावा, जमीन असेल तर हरभऱ्याचा एक पट्टा. शेण शेजाऱ्याकडून आणून खताचा खड्डा भरायला घ्या. सावडीनं दुसऱ्याच्या शेतात खुडायला, सोंगायला जा, म्हणजे तुमच्या वेळी लोक येतील. नोकरी सोडताना फी आणि दवाखान्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा, तिला शेतीसाठी हात लावायचा नाही. बरसीम दुसऱ्या वर्षी पेरा, ते उगवून आलं की मग म्हशीचं बघा, आणि गोबरगॅस त्याच्याही नंतर.