छप्पनवर टोळीनं जाताना

सहा-सात जण असाल तर रविवारी रात्री आठला इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीकडे फिरकू नका, उभं राहायलाही जागा नसते. साडेसहाच्या आत पोचा. गाड्या बाहेरच लावाव्या लागतात.

तिथल्या जॉनी हॉट डॉग या दुकानाच्या नावावरून लांबट पाव शोधू नका. इंदूरचा हॉट डॉग गोल बनमध्ये येतो, दिसायला बर्गरच. बेंजो म्हणजे बनमध्ये ऑम्लेट, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं तोच घ्यावा. रांगेत लागण्याआधीच व्हेज किती, अंड्याचे किती, मटणाचे किती हे मोजा आणि ऑर्डर एकानंच द्या. प्रत्येक जण वेगळं ओरडला की हमखास घोळ होतो. कुणी कडक शाकाहारी असेल तर तवा वेगळा आहे का, ते आधी विचारा.

पहिल्या फेरीत माणशी एकच. बन तव्यावरून उतरला की लगेच खा. फोटोंच्या नादात ठेवलात तर वाफ आणि चटणीनं खालची बाजू भिजते, मग तो हातात फाटतो. पार्सल हवं असेल तर चटणी वेगळी बांधून मागा. पैसे एकानं भरावेत, हिशेब नंतर यूपीआयवर. आणि हो, पोट गच्च भरू नका: रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस आहे, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंदही.