कोड तुमचा, किल्ली कोणाकडे?

प्रश्न : एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) गेली. दहा मिनिटांत फाइल डिलीट करून पुन्हा पुश केलं. आता काळजी नाही ना?

उत्तर : आहे. डिलीट केलेली फाइल फक्त ताज्या कमिटमधून, म्हणजे कोडच्या ताज्या नोंदीतून जाते, जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी बसलेली असते. ‘गिट लॉग -पी’ ही बदलांचा इतिहास दाखवणारी आज्ञा चालवून बघा. वजा चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीत तुमची अख्खी की दिसेल. अशा की हुडकणारे बॉट झोपत नाहीत, त्यांना दहा मिनिटं पुष्कळ झाली. म्हणून आधी की रद्द करा, नवी घ्या, मग जुनी कुठून वापरली गेली ते त्या सेवेच्या वापराच्या लॉगमध्ये तपासा. इतिहास पुसायचं काम शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात : तासभर इतिहास घासत बसतात आणि की चालूच!

प्रश्न : आमचा सोर्स कोड आम्ही कोणालाच दाखवत नाही. म्हणजे ओपन सोर्सपेक्षा आम्ही सुरक्षित, बरोबर?

उत्तर : कोड झाकल्याने व्यापारी गुपित जपलं जातं, भोक बुजत नाही. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, हे केर्कहॉफ्स या गुप्तलेखनतज्ज्ञाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय. तुमचं सॉफ्टवेअर ग्राहकाच्या मशीनवर आहे ना? मग ते डीकंपाइलही होणार, म्हणजे त्यातून कोड परत काढला जाणार.

अर्थात, उघडा कोड आपोआप सुरक्षित असतो असंही नाही. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. तोही कसा? एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता खोदत गेला. अशा लायब्रऱ्या तुमच्या बंद उत्पादनातही असतील. कोणत्या आणि कोणत्या आवृत्तीच्या, ही यादी आज हाताशी आहे का? नसेल तर आधी ती करा.

प्रश्न : गिटहबवर लायसन्स नसलेला कोड मिळाला. वापरू?

उत्तर : नको. दिसतोय म्हणजे दिलाय असं नाही. कॉपीराइट बहुतेक देशांत नोंदणीशिवायच लागू होतो. लेखकाला सरळ विचारा, पुष्कळदा लायसन्स टाकायचं राहूनच गेलेलं असतं.

प्रश्न : जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सची लायब्ररी जोडलेलं ॲप विकता येतं का?

उत्तर : येतं. पण ज्याला ॲप दिलं, त्याला त्याचा सोर्सही जीपीएलखाली द्यावा लागतो. नुसतं सर्व्हरवर चालवत असाल तर ही अट लागत नाही. मात्र लायब्ररी एजीपीएलची (जीपीएलच्याच कडक भावंडाची) असेल आणि तुम्ही तिच्यात बदल केले असतील, तर तिथेही लागते. त्या एका ‘ए’कडे नीट बघा.