पद्मिनीची तेलगळती

प्रश्न : माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या टॅपेट कव्हरला (इंजिनच्या माथ्यावरील पत्र्याच्या झाकणाला) नवे पॅकिंग बसवूनही ऑइल गळते आणि आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन चालू असते तेव्हा) इंजिन थरथरते. काय करावे?

उत्तर : आधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनमधले वायू बाहेर जाऊ देणारी, नळी काढून पाहावी. ती काळ्या चिकट्याने तुंबली असेल, तर पिस्टनच्या कडेने निसटणारे वायू क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) कोंडतात आणि मिळेल त्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतात. मग पॅकिंग कितीही बदलले तरी उपयोग नाही. नळी रॉकेलने धुवावी आणि कव्हर सपाट काचेवर उपडे ठेवून त्याची कड वाकलेली नाही ना, हे तपासावे. नट करकचून आवळल्याने पत्रा वाकतो, आणि गॅरेजमध्ये बहुधा नेमके तेच होते. थरथरीचे कारण वेगळे असू शकते : पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग हवा खेचू लागले की मिश्रणात पेट्रोल कमी पडते, म्हणून आयडलिंगचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तेथील नट पाहावेत.