उप मोठा की सहायक?

प्रश्न असा आहे: एकाच बातमीत 'सहायक पोलीस निरीक्षक' आणि 'पोलीस उपनिरीक्षक' असे दोघे आले, तर वरचा कोण? आणि जुनी माणसं ज्याला फौजदार म्हणतात, तो यातला कुठला?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, बोलण्यातला पीएसआय. खांद्यावर दोन तारे. पहिल्या प्रश्नावर मात्र भलेभले अडखळतात. तीन ताऱ्यांचा सहायक निरीक्षक हा उपनिरीक्षकाच्या वरचा. म्हणजे उपपेक्षा सहायक मोठा, असं पाठ करून आपण पुण्या-मुंबईच्या बातमीकडे वळावं, तर तिथे पोलीस उपायुक्त मोठा आणि सहायक आयुक्त त्याच्या हाताखाली!

घोळ भाषांतराचा आहे. इंग्रजीत 'सब-इन्स्पेक्टर' आणि 'डेप्युटी कमिशनर' यांचे उपसर्ग वेगळे. सब म्हणजे खालचा, डेप्युटी म्हणजे साहेबाच्या जागी उभा राहू शकणारा. मराठीत दोघांनाही 'उप' चिकटला, 'असिस्टंट' मात्र सगळीकडे 'सहायक'च राहिला. म्हणून सहायक कधी उपच्या डोक्यावर, तर कधी पायाशी. कडी म्हणजे 'सहायक पोलीस उपनिरीक्षक'. नावात सहायकही आणि उपही, खांद्यावर तारा एकच. त्याला 'सहायक फौजदार' म्हणतात ते कितीतरी सुटसुटीत.

'अपर पोलीस अधीक्षक' यातल्या अपरची वेगळीच गंमत. संस्कृतातला अपर म्हणजे दुसरा, आणखी एक. 'अॅडिशनल'साठी तो अगदी चपखल. पण इंग्रजी कानांना तो 'वरचा' वाटला आणि वर्तमानपत्रांत सर्रास 'अप्पर' छापून येऊ लागला. अधीक्षकाच्याही वरचा अधीक्षक कुठून आणायचा?

आता फौजदाराकडे. फौज अधिक फारसी 'दार', म्हणजे बाळगणारा. मोगलाईत हा मोठा अंमलदार: मुलखात बंदोबस्त ठेवायचा, बंडाळी मोडायची. वसूल आणि हिशेब दिवाणाकडे. कंपनी सरकारने 1772 साली बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी आणि फौजदारी अशा दोन अदालती काढल्या, त्या याच जोडीच्या नावाने. आजही भाऊबंदकीत जमिनीचा दावा दिवाणी असतो आणि बांधावरची डोकेफोड फौजदारी. कायद्यात शब्दाचा रुबाब टिकला, खात्यात मात्र फौजदार घसरत घसरत निरीक्षकाच्याही दोन पायऱ्या खाली आला.

हवालदाराचंही तेच. हवाला म्हणजे ताबा ('हवाली करणे' यातला), तो ज्याच्याकडे तो हवालदार. शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे गडाच्या किल्ल्या सांभाळणारा मुख्य माणूस. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार. कंपनीच्या पलटणींनी तो सार्जंटच्या जागी बसवला, लष्करात आजही तो तिथेच आहे. पोलिसांत तो हेड कॉन्स्टेबल: दंडावर तीन फिती, खांद्यावर तारा नाही. त्याच्या खालचा पोलीस नाईक हा हुद्दा महाराष्ट्राने 2022 मध्ये काढूनच टाकला.

विदर्भात 'ठाणेदार' ऐकू येतो, पण तो हुद्दा नव्हे. ठाण्याचा कारभार ज्याच्याकडे तो ठाणेदार, बहुधा निरीक्षक. (आणि लिहिताना 'पोलीस' दीर्घ, 'पोलिसांना' ऱ्हस्व. विचारलं नव्हतं, पण राहवत नाही.)

आमच्या शेजारचे एक काका शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. दारावर पाटी लावली: 'फौजदार (निवृत्त)'. सहायक कुठे गेला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाटी लहान पडली."