वायतुऱ्यापासून सुरुवात कर

बॉटनी शिकून तुला संगणकाच्या मदतीने जीवशास्त्र करायचंय, तर बॉटनीवाल्यांना कोडिंग जमत नाही, ही भीती आधी डोक्यातून काढ. मीही साताऱ्यातच बीएस्सी केली आणि पहिला प्रोग्राम त्यानंतर लिहिला.

सध्या एवढंच:
- पायथन किंवा आर, या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी एकच.
- संख्याशास्त्र, अगदी मन लावून.
- स्वतःचा एक प्रश्न.

प्रश्न कास पठारावर मिळेल. पावसाळ्यात सड्यावरच्या डबक्यांत उगवणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटन सातारेन्सिस, आपल्याच भागातला. त्याचे जवळचे भाऊबंद कोण? फुलाला हात लावायचीही गरज नाही. अपोनोजेटनच्या अनेक जातींचे डीएनए क्रम जेनबँकेत, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात, फुकट आहेत. ते माफ्ट या सॉफ्टवेअरने एकाखाली एक जुळव, मग आयक्यू-ट्री या दुसऱ्या सॉफ्टवेअरने वंशवृक्ष, म्हणजे कोण कोणाचं जवळचं हे दाखवणारी आकृती, काढ. साधा लॅपटॉप पुरतो.

नवखे चुकतात ते इथे: जुळवलेले क्रम डोळ्यांनी बघतच नाहीत. माझा एक क्रम उलटा पडला होता. ती जात लांबलचक फांदीवर एकटी गेली आणि मी दोन आठवडे तो शोध समजत राहिलो. दुसरं, फांदीवरचा बूटस्ट्रॅपचा आकडा (ती फांदी किती भरवशाची, ते 100 पैकी सांगणारा) 55 असेल तर तिच्यावर विसंबू नकोस.

बायेसियन पद्धती (संभाव्यतेवर आधारलेलं संख्याशास्त्र), मशीन लर्निंग नंतर बघू. पहिला वृक्ष निघाला की मला दाखव, मग बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या (भारतीय विज्ञान संस्था) पीएचडीबद्दल बोलू.