एपिड्युरल घेतलं की कंबर कायमची जाते का? ज्यांनी घेतलंय त्यांनी खरा अनुभव सांगा

नाही जात. माझी मुलगी २०१९ च्या गणेश चवथीची. २ सप्टेंबरला कळा सुरू झाल्या, ३ तारखेला सकाळी ती झाली. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं थांबवायला पाठीत बारीक नळीने देतात ते भुलीचं औषध, घेतलं होतं. आज मी मराठी प्राथमिक शाळेत दिवसभर उभी राहून शिकवते, घरी येऊन विहिरीचं पाणी ओढते. कंबर शाबूत आहे.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कंबर, सिझेरियनची शक्यता आणि खर्च. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसले. 'सासूबाई म्हणतात, कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही.' माझ्या घरी हे आतेसासूबाईंच्या तोंडून आलं. बारशाच्या दिवशी, पाळण्याभोवती वीस-पंचवीस बायका जमलेल्या असताना त्या म्हणाल्या, "हिने बाळंतपण केलं कुठे? झोपून काढलं." तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

माझं सासर गोव्यात मयेला, माहेर वाळपईला. पहिलं बाळंतपण असूनही माहेरी गेले नाही, कारण जिथे नाव घातलं होतं ते खाजगी हॉस्पिटल सासरहून जवळ. सातव्या महिन्यातच मी तिथे स्पष्ट विचारलं होतं, एपिड्युरल मिळेल ना? काउंटरवरच्या बाईने सांगितलं, "मिळेल, चोवीस तास." मी तेवढ्यावर विसंबले. चोवीस तास म्हणजे भुलीचे डॉक्टर तिथेच असतात की फोन केल्यावर घरून येतात, हे मला विचारायला सुचलं नाही.

तारखेला अजून दहा दिवस होते. गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधून झालेली, गणपती बसलेला, आणि मी स्वयंपाकघरात पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होते. कंबरेतून अशी कळ आली की हातातलं पान मुठीत चुरगळलं. अजूनही पातोळ्या उकडायला लागल्या आणि तो वास आला की माझा हात आपोआप कंबरेवर जातो. तिन्हीसांजेपर्यंत कळा सहा-सहा मिनिटांवर आल्या. आरती अर्ध्यावर टाकून नवऱ्याने गाडी काढली. आईला फोन केला तर ती आपल्या घरचा गणपती वहिनीवर सोपवून होती त्या साडीवर निघाली.

रात्री दहाला तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं होतं. मी म्हटलं, मला एपिड्युरल हवं. सिस्टर फोन करून आली आणि म्हणाली, भुलीचे डॉक्टर चवथीला गावी गेलेत, निरोप दिलाय, यायला वेळ लागेल. तोवर नवऱ्याची सही करून घ्या.

माझा नवरा भला माणूस आहे. पण फॉर्म हातात पडला आणि नेमका तेव्हाच आतेसासूबाईंचा फोन आला. "पाठीत सुई घेऊ देऊ नको तिला. माझ्या कंबरेचं काय झालंय ते बघतोस ना?" तो फॉर्म घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला तो चाळीस मिनिटं आत आला नाही. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. त्या चाळीस मिनिटांत मला अकरा कळा आल्या, मी मोजल्या. शेवटी आई उठून बाहेर गेली. ती त्याला काय बोलली ते दोघांपैकी कुणीही मला आजवर सांगितलेलं नाही. सही झाली.

त्याची सही मुळात लागतच नव्हती. बाई सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तर तिच्या शरीरावरच्या उपचाराला संमती तिचीच. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. त्या प्रकरणात बाई भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. कोर्टाने म्हटलं, जिवाची तातडी नव्हती, बाई सज्ञान होती, तिच्यासाठी आईने संमती देणं चालत नाही. जन्मदात्या आईची संमती चालत नसेल तर नवऱ्याची कशी चालेल? आणि फोनवरच्या आतेसासूची तर बातच नको. मला हे त्या रात्री माहीत नव्हतं. तुम्हाला आज कळलंय, तर फॉर्म स्वतः मागा आणि स्वतः सही करा. नवऱ्याला हवं तर शेजारी साक्षीदार म्हणून करू दे.

डॉक्टर आले तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. कपाळावर पूजेचं गंध तसंच, हातातली छत्री गळत होती. मला खाटेच्या कडेला बसवलं, पोटाशी उशी दिली आणि म्हणाले, "मांजर आळस देताना पाठ कशी वर काढते, तशी काढ बघू, बाय." नऊ महिन्यांचं पोट घेऊन तशी पाठ काढणं सोपं नाही. आधी थंडगार औषधाने पाठ पुसली, मग गांधीलमाशी चावल्यासारखी एक बारीक सुई टोचली, ती जागा बधिर करायला. त्यानंतर दुखलं नाही, नुसता दाब कळत होता, कुणी अंगठ्याने मणक्यात रेटतंय असा. मधेच कळ आली. सिस्टरने माझे दोन्ही खांदे आपल्या छातीशी धरले, "हालूं नाका, म्हाका घट धर." बारीक नळी आत सरकली तेव्हा डाव्या पायात विजेचा झटका आल्यासारखं झालं आणि गेलं. मग थोडंसं औषध सोडून त्यांनी विचारलं, कानात घूं वाजतंय का? जिभेला धातूची चव येतेय का? नळी चुकून रक्तवाहिनीत गेली असेल तर असं होतं, म्हणून विचारतात. नाही म्हटल्यावर पुढचं औषध दिलं.

पंधरा मिनिटांत डावी बाजू शांत झाली. उजवीकडे, जांघेच्या वर, हाताच्या पंजाएवढी जागा मात्र तशीच दुखत राहिली. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते: पहिल्या फटक्यात सगळं बधिर होईलच असं नाही. त्यांनी स्पिरिटचा कापूस पोटावर ठिकठिकाणी लावून कुठे थंड लागतं ते विचारलं, नळी जराशी मागे ओढली, मला उजव्या कुशीवर वळवलं, आणखी औषध दिलं. मग तेही गेलं. मधे एकदा बीपी उतरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सलाईन वाढवलं, एक इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांत ठीक. नाक खाजत होतं, दात वाजत होते, लघवीला नळी घालावी लागली. हे सगळं झालं आणि तरीही सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन.

कारण त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. पोटाला पट्टे बांधलेले, मशीनमधून कागद बाहेर येत होता. रेघ डोंगरासारखी वर चढली की कळ आली समजायचं, असं सिस्टरने आईला दाखवून ठेवलं होतं. आई त्या कागदावरून नजर काढत नव्हती. एक डोंगर वर वर चढत होता आणि मी तिला विचारलं, "आई, घरी आरती पुरी केली का गो कुणी?" आईने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग सांगितलं. माझ्या वेळी ती दोन रात्री खाटेचा लोखंडी दांडा धरून होती आणि कुणी तिला साधी गोळीसुद्धा विचारली नव्हती. पस्तीस वर्षांत हे तिने घरात एकदाही काढलं नव्हतं. मी तिचा हात धरूनच दोन तास झोपले. होय, झोपले. पहाटे साडेपाचला उठवलं तेव्हा माझ्या अंगात जोर होता. खाली दाब कळत होता पण जोर कधी लावायचा ते कळेना, तर सिस्टर पोटावर पंजा ठेवून सांगायची, आता. सहा चाळीसला मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं मी शुद्धीवर, डोळे उघडे ठेवून ऐकलं.

घरी सोयर आलं. दीड दिवसाच्या गणपतीची पुढची पूजा शेजाऱ्यांना करावी लागली. आतेसासूबाईंचा निम्मा राग त्याचाच असावा असं मला आता वाटतं, पण तो निघाला माझ्या एपिड्युरलवर.

आता त्यांच्या कंबरेचं. त्यांचं सिझेरियन झालं होतं. त्यासाठी पाठीत देतात ते स्पायनल, एकच इंजेक्शन, बारीक सुईने, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात. एपिड्युरलची नळी त्या पाण्याच्या आवरणाबाहेर राहते आणि बाळंतपण होईपर्यंत थेंबथेंब औषध देते. दोन्ही कंबरेच्या खालच्या मणक्यांमधून देतात. मज्जारज्जू त्याच्या वरच, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. टोचलेली जागा आठवडाभर हुळहुळते, तेवढंच. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती नऊ महिने पुढे ओढलेल्या पोटाने, सैल पडलेल्या सांध्यांनी आणि दिवसातून दहा वेळा वाकून पाजण्याने. ज्यांनी पाठीला सुई लावून घेतली नाही त्यांचीही दुखते. माझ्या आईची दुखते. तिला कुणी सुई दिली होती?

सिझेरियन वाढत नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, त्यात सिझेरियनही वाढलेलं दिसलं नाही आणि कायमची पाठदुखीही नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही लिहून ठेवलं की निरोगी गरोदर बाईने मागितलं तर एपिड्युरल द्यावं, तिच्या इच्छेप्रमाणे. तिच्या इच्छेप्रमाणे, हे तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवा.

आणि 'आमच्या वेळी नव्हती ही थेरं' म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं. व्हिक्टोरिया राणीने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म मागून घेतलं होतं. सात वेळा कळा सोसलेली बाई आठव्या वेळी म्हणते की पुरे, तर तिला आईपण कळलं नव्हतं काय? ज्या गोव्यात १८४२ पासून डॉक्टर घडतायत, तिथे बाईने दुखणं थांबवा म्हटलं की तिने काही चोरल्यासारखं बघतात. दाढ काढताना कुणी म्हणत नाही, भुलीशिवाय काढ म्हणजे दाताची किंमत कळेल.

एक राहिलं, ते आधी लिहायला हवं होतं. एपिड्युरल सगळ्यांना चालत नाही. प्लेटलेट्स फार कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, टोचायच्या जागी संसर्ग असेल, तर डॉक्टर नाही म्हणतील आणि ते बरोबर असेल. काहींना ताप येतो, मग बाळावरही लक्ष ठेवतात. शंभरात एखादीला सुई आवरणाला लागून डोकेदुखी होते, बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. माझ्या मावसबहिणीला झाली होती. तिचंच थोडं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं, तेव्हा थांबली, पण तोवरचे तीन दिवस तिने बाळाला आडवं पडूनच पाजलं. असं डोकं दुखलं तर 'बाळंतिणीचं व्हायचंच' म्हणून घरी सोसू नका, लगेच कळवा. आणि कुणाला नकोच असेल तर तेही योग्य. माझ्या जावेने दोन्ही वेळा घेतलं नाही, तिला तसंच हवं होतं. मी तिला कधी शब्दाने बोलले नाही.

खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलागणिक वेगळा. माझ्या बिलात भुलीच्या डॉक्टरांची फी वेगळी होती आणि रात्रीचे जादा पैसे वेगळे. इन्शुरन्स असेल तर एपिड्युरल त्यात धरतात का, ते आधी लेखी विचारा.

तुम्ही फोंड्याच्या, आणि तुमची तारीख नाताळच्या आठवड्यातली आहे असं लिहिलंय. पुढच्या तपासणीला जाल तेव्हाच विचारा की २४ डिसेंबरच्या रात्री भुलीचे डॉक्टर कोण असतील, ते कुठे राहतात, यायला त्यांना किती मिनिटं लागतात आणि ते नसतील तर दुसरं कोण. नाव आणि फोन नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या.