गिअरबॉक्स पुन्हा उघडू देण्याआधी

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. २०१२ सालची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी वडिलांच्या नावावर आहे, १,६२,००० किलोमीटर झालेत. गिअर स्लिप होऊ लागला म्हणून एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स ओव्हरहॉल करून घेतला. ८५,००० रुपये यूपीआयने दिले. बिल माझ्या नावाचे असून त्यावर ‘छह महीने की वारंटी’ असे लिहिले आहे. व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) बदलायचे आणखी ३८,००० सांगितले होते, ते आम्ही नाही म्हटले. सात आठवड्यांत, ४,१०० किलोमीटरनंतर, डी टाकला की गाडी दोन-तीन सेकंद हलत नाही आणि चढावर नुसता आरपीएम वाढतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘गाड़ी पुरानी है, अब वाल्व बॉडी गई, साठ हज़ार और लगेंगे.’ नऊ दिवस गाडी त्याच्याकडे उभी आहे. परत नेतो म्हटले तर रोजचे ३०० रुपये पार्किंग मागतो. बिलाचा फोटो सोबत पाठवतो आहे. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : जाता येईल, आणि तुमची बाजू चांगली आहे. पण त्याआधी आजच एक काम करा. गॅरेजवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा की माझ्या लेखी परवानगीशिवाय गिअरबॉक्स उघडायचा नाही, ऑइल काढायचे नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड स्कॅनरने पुसायचे नाहीत. आत्ता त्या बॉक्समध्ये जे आहे तोच तुमचा पुरावा. एकदा तो उघडला, धुतला आणि आतल्या क्लच प्लेटा भंगारात गेल्या की मागे फक्त त्याचा शब्द आणि तुमचा शब्द उरतो. सेवेतली कमतरता सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

‘गाडी जुनी आहे’ या उत्तराने दबून जाऊ नका. काम घेताना त्याने ओडोमीटर पाहिला होता आणि तो पाहूनच सहा महिन्यांची वॉरंटी दिली. वाद गाडीच्या वयाचा नाही, ८५,००० रुपये घेऊन केलेल्या कामाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये ‘सेवेतील कमतरता’ म्हणतात ती हीच.

आता बिल नीट पाहा. त्यात ए.टी.एफ. (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) ४ लिटर लावले आहे. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स पूर्ण रिकामा असताना किती ऑइल लागते तो आकडा मिळेल. सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) असलेल्या बॉक्समध्ये तो सहसा ६ ते ८ लिटर असतो. नुसता ड्रेन प्लग काढला तर तीन-चार लिटर निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्येच राहते. मॅन्युअलमधला आकडा तसा निघाला तर ओव्हरहॉलनंतर ४ लिटर भरण्याचे दोनच अर्थ होतात : कन्व्हर्टर रिकामा करून साफ केलाच नाही, किंवा ऑइल कमी राहिले. ऑइल कमी असले की पंप हवा ओढतो, ऑइलचा दाब कमी होतो आणि क्लच प्लेटा घसरून जळतात. बिलात ऑइल कूलर आणि त्याचे पाइप फ्लश केल्याची ओळही कुठे दिसत नाही. पहिल्या वेळी जळालेल्या प्लेटांचा चुरा तिथे बसलेला असतो. तो काढला नाही तर दुरुस्त झालेल्या बॉक्समध्ये परत येतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो. म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी खरोखरच गेली असेल, तरी ती कशाने गेली हे त्याला सांगावेच लागेल.

तुमची कमजोर जागा ते नाकारलेले ३८,००० आहेत. जुने चॅट शोधा. ‘व्हॉल्व्ह बॉडी बदलली नाही तर वॉरंटी मिळणार नाही’ असे त्याने लिहिले असेल तर प्रकरण अवघड आहे, आणि मग निम्म्या खर्चावर तडजोड होत असेल तर ती घ्यावी असे मी म्हणेन. ‘बाद में करा लेना’ इतकेच असेल तर घाबरण्याचे कारण नाही. व्हॉल्व्ह बॉडी खराब आहे हे ठाऊक असूनही त्याने सरसकट वॉरंटी लिहून दिली, याचा फायदा तुम्हाला मिळतो.

पार्किंगचे पैसे आणि गाडी अडवणे : करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराला त्याने केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. तुमच्याकडे मजुरी बाकी नाही, दुसरे काम तुम्ही सांगितलेले नाही आणि पार्किंगच्या दराचा कुठेही करार नाही. तपासणीचे पैसे कबूल केले असतील तर तेवढे द्या, आणि यूपीआयच्या शेऱ्यात ‘विरोध नोंदवून’ असे लिहा. तरीही गाडी सोडत नसेल तर तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज द्या. पोलिसांकडे धाव घेण्याची घाई नको. तिथे याला पैशांचा वाद म्हणून बाजूला ठेवण्याचीच शक्यता जास्त.

गाडी ताब्यात घेताना एक माणूस सोबत न्या. ओडोमीटर, डॅशबोर्डवरचे दिवे आणि खालून गिअरबॉक्सचे पॅन यांचा सलग व्हिडिओ घ्या. गाडी फ्लॅटबेडवरच न्या. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही. पुढची चाके रस्त्यावर ठेवून ओढली तर आतले भाग कोरडेच घासतात, आणि ‘तुम्हीच ओढून तोडला’ म्हणायला त्याला जागा मिळते.

त्यानंतर तटस्थ तपासणी. शेजारच्या मेकॅनिकचे तोंडी मत आयोगात टिकत नाही. मोटार गाड्यांच्या तपासणीचा परवाना असलेला विमा सर्व्हेयर किंवा ऑटोमोबाइल इंजिनीअर गाठा. तारीख, वेळ आणि जागा गॅरेजवाल्याला आधी लेखी कळवून हजर राहायला बोलवा. तो आला नाही तरी अहवालाचे वजन वाढते. आधी स्कॅन रिपोर्ट छापून घ्या. त्यातला पी ०७३० हा कोड म्हणजे गिअरचे गुणोत्तर चुकते आहे, पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच लागत नाही. मग दोन स्वच्छ पारदर्शक बाटल्यांत ऑइलचा नमुना घेऊन सर्वांसमोर सील करा. ताजे ए.टी.एफ. बहुधा लालभडक असते. सात आठवड्यांत काळपट पडून जळका वास येत असेल तर प्लेटा जळत आहेत. पॅनच्या चुंबकावरच्या चुऱ्याचा फोटो घ्या. अहवालात चेसिस नंबर, किलोमीटर, बिघाड आणि त्याचे कारण हवे, आणि तो शपथपत्रासह घ्या.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा आणि १५ दिवस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण वॉरंटीच्या सहा महिन्यांत तक्रार केल्याची नोंद होते. नोटिशीत काढलेले जुने भाग, टाकलेल्या भागांची खरेदी बिले आणि ऑइलचा ग्रेड मागा.

तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. फी दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे (कलम ६९). बिल तुमचे आणि गाडी वडिलांची, म्हणून दोघेही तक्रारदार व्हा. तक्रार हिंदीत लिहा. चॅटच्या प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र लावा आणि मूळ चॅट फोनमधून पुसू नका. ‘अनुचित करार’ (ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी अटींचा करार) हा शब्द तक्रारीत घालू नका. त्या तक्रारी राज्य आयोगाकडे, म्हणजे भोपाळला जातात, आणि इथेच अधिकारक्षेत्राचा आक्षेप येईल. ‘सेवेतील कमतरता’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढे पुरे. मागणी ८५,००० रुपये, टोइंग, तपासणीचा खर्च आणि माफक भरपाई इतकी ठेवा.

मधेच तो फुकट दुरुस्ती करून देतो म्हणाला तर नाही म्हणू नका, पण अहवाल हातात आल्यावरच गाडी द्या आणि लिहून घ्या : कोणते भाग नवे टाकणार, कूलर फ्लश करणार की बदलणार, कोणत्या ग्रेडचे किती लिटर ऑइल, काम कोणत्या तारखेला पूर्ण, आणि वॉरंटीचे सहा महिने गाडी परत मिळाल्याच्या दिवसापासून नव्याने.